एकतीस अंशांच्या पलीकडे : कार्बन डायऑक्साइडच्या शीतचक्रांचा आढावा

कार्बन डायऑक्साइडला ३१ अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाबले तरी त्याचा द्रव होत नाही. या वायूवर चालणाऱ्या शीतयंत्रांविषयीचा सगळा वाद या एका आकड्याभोवती फिरतो. बाहेरची हवा थंड असेल तर हा वायू इतर कोणत्याही शीतकासारखा वागतो: दाबला, थंड केला की द्रव होतो आणि तो द्रव उकळताना कपाटातली उष्णता ओढून घेतो. हवा तापली की मात्र द्रव होण्याची पायरीच नाहीशी होते. मग यंत्राला वेगळ्या नियमांनी चालवावे लागते आणि विजेचे बिल वाढते. हे बिल कमी करण्यासाठी गेल्या तीन दशकांत अनेक आराखडे पुढे आले. त्यांतला कोणता आराखडा कुठे योग्य, तो चालवायचा कसा आणि या प्रश्नांची उत्तरे आज कुठवर आली आहेत, हे एकत्र पाहण्याची वेळ आली आहे.

पार्श्वभूमी

हा वायू शीतकरणाला नवा नाही. जर्मनीत कार्ल लिंडे यांनी १८८१ मध्ये कार्बन डायऑक्साइडवरचे यंत्र बांधले. बर्लिनच्या फ्रान्झ विंडहाउझेन यांनी १८८६ मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट घेतले आणि इंग्लंडमधल्या जे. अँड ई. हॉल कंपनीने ते विकत घेऊन जहाजांसाठी यंत्रे बनवली. अमोनिया विषारी असल्याने प्रवासी जहाजांवर त्याची धास्ती असे. कार्बन डायऑक्साइड जळत नाही आणि त्याला तीव्र वासही नाही. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांस आणि फळे वाहून नेणाऱ्या जहाजांवर तो सर्रास वापरात होता.

उष्ण कटिबंधात शिरल्यावर समुद्राचे पाणी तापे आणि यंत्राची ताकद घटे. ही अडचण तेव्हाही ठाऊक होती. जपानचे इनोकुटी यांनी १९२८ मध्ये, अशा स्थितीत कोणत्या दाबाला यंत्र सर्वांत किफायतशीर चालेल हे आलेखावरून काढण्याची रीत मांडली. त्यानंतर काही वर्षांतच थॉमस मिडग्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेले क्लोरोफ्लुओरोकार्बन वायू बाजारात आले. ते कमी दाबावर चालत, विषारी नव्हते आणि उन्हाळ्यातही नीट द्रव होत. कार्बन डायऑक्साइड हळूहळू मागे पडला.

तो परत आला तो पर्यावरणाच्या वाटेने. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी क्लोरोफ्लुओरोकार्बनमुळे ओझोनचा थर विरळ होईल असा इशारा दिला आणि १९८७ मध्ये मॉन्ट्रिअल करार झाला. त्यानंतर आलेले हायड्रोफ्लुओरोकार्बन ओझोनला निरुपद्रवी ठरले, पण पृथ्वी तापवण्यात कुठेच कमी नव्हते. सुपरमार्केटमध्ये खूप वापरला गेलेला आर-४०४ए हा वायू एक किलो गळला तर त्याचा परिणाम जवळजवळ ३.९ टन कार्बन डायऑक्साइडइतका होतो.

नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमच्या तंत्रविद्यापीठातील गुस्ताव लोरेंट्झन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस जुना वायू पुन्हा हाती घेतला. क्रांतिक बिंदूच्या, म्हणजे त्या ३१ अंशांच्या, वर यंत्र चालवायचे आणि वरच्या बाजूचा दाब व्हॉल्व्हने हवा तसा ठेवून क्षमता सांभाळायची, ही त्यांची कल्पना. तिथून पुढे जपानमध्ये २००१ पासून पाणी तापवणारे ‘इकोक्यूट’ पंप घरोघर बसू लागले. डेन्मार्कने २००७ पासून दहा किलोपेक्षा जास्त हायड्रोफ्लुओरोकार्बन असलेल्या नव्या संचांवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या सुपरमार्केटांना पर्याय शोधणे भागच पडले. युरोपीय संघाच्या नियमांनी २०२२ पासून मोठ्या मध्यवर्ती संचांवर तशीच मर्यादा आणली. आज युरोपातल्या कित्येक हजार दुकानांत हा वायू फिरतो आहे.

मूळ अडचण कुठे आहे

नेहमीच्या शीतयंत्रात द्रव होण्याचे तापमान ठरले की दाब आपोआप ठरतो. क्रांतिक बिंदूच्या वर ही जोडी सुटते. कॉम्प्रेसरमधून निघालेला वायू ज्या जाळीत थंड होतो तिला इथे कंडेन्सर न म्हणता गॅस कूलर म्हणतात, कारण तिथे द्रव होतच नाही. वायू ४० अंशांना बाहेर पडत असेल तर दाब ८५ बार ठेवायचा, १०० बार की ११५, हे चालवणाऱ्याने ठरवायचे असते. दाब कमी ठेवला तर थंडावा फारच घटतो. जास्त ठेवला तर कॉम्प्रेसर उगाच श्रमतो. मधे कुठेतरी सर्वोत्तम दाब असतो.

दुसरी अडचण दाब उतरवताना येते. १०० बार आणि ४० अंशांचा वायू व्हॉल्व्हमधून सुमारे ३५ बारपर्यंत उतरवला की त्याचा जवळजवळ निम्मा भाग लगेच वाफ होतो. या वाफेला फ्लॅश गॅस म्हणतात. ती कपाट थंड करण्याच्या कामी येत नाही, तरी तिला पुन्हा दाबावे लागते. शिवाय दाब उतरताना जी ऊर्जा मिळू शकली असती ती व्हॉल्व्हमध्ये वाया जाते. पुढे आलेले बहुतेक आराखडे या दोन नुकसानींपैकी एकीला तरी हात घालतात.

जमेच्या बाजूला एक मोठी गोष्ट आहे. शून्य अंशाला या वायूचा एक घनमीटर इतर प्रचलित शीतकांच्या तीन ते दहापट थंडावा वाहून नेतो. म्हणून पाइप बारीक लागतात आणि कॉम्प्रेसर लहान.

आराखडे आणि त्यांच्या बाजूचे म्हणणे

पहिली वाट सावध आहे: क्रांतिक बिंदूच्या वर जायचेच नाही. कॅस्केड संचात कार्बन डायऑक्साइड फक्त खालच्या, गोठवणाऱ्या भागात फिरतो आणि त्याची उष्णता अमोनिया किंवा दुसऱ्या एखाद्या शीतकाच्या वेगळ्या चक्राकडे सोपवली जाते. मोठ्या शीतगृहांमध्ये हा आराखडा रुळलेला आहे. बाहेर कितीही ऊन असले तरी कार्बन डायऑक्साइडला ते जाणवत नाही, असे त्याचे समर्थक सांगतात. आक्षेप असा की दोन चक्रांच्या मधल्या उष्णता-विनिमयकात काही अंशांचे नुकसान होते, देखभाल दोन वेगळ्या वायूंची करावी लागते आणि वरचा वायू अमोनिया असेल तर गजबजलेल्या दुकानात परवानगीचा प्रश्न उभा राहतो.

दुसरा आराखडा बूस्टर. यात सगळीकडे एकच वायू. गोठवणाऱ्या कपाटांतली वाफ, उणे ३० अंशांना सुमारे १४ बारची, आधी लहान कॉम्प्रेसर उचलतात. ती दूध-भाजीच्या कपाटांतल्या सुमारे २६ बारच्या वाफेत मिसळते आणि मोठे कॉम्प्रेसर ते सगळे वर ढकलतात. मधे एक रिसीव्हर असतो. त्यात साठणारी फ्लॅश गॅस एका व्हॉल्व्हमधून मोठ्या कॉम्प्रेसरकडे परत सोडली जाते. रचना साधी, भाग कमी, थंड प्रदेशात कार्यक्षमता उत्तम. उष्ण हवेत मात्र ३५ बारची वाफ २६ बारला उतरवून पुन्हा दाबण्याचा तोटा वाढत जातो. युरोपच्या नकाशावर अभियंत्यांनी जी ‘सीओटू विषुववृत्त’ नावाची रेषा कल्पिली ती यावरूनच: तिच्या दक्षिणेला साधा बूस्टर जुन्या वायूंच्या संचांपेक्षा वर्षाला अधिक वीज खातो, असा तिचा अर्थ.

ही रेषा दक्षिणेकडे सरकवण्याचा पहिला प्रयत्न म्हणजे पॅरलल कॉम्प्रेशन. फ्लॅश गॅस खाली न उतरवता रिसीव्हरच्याच दाबावरून एक वेगळा कॉम्प्रेसर तिला वर नेतो. भौतिकशास्त्र सरळ आहे आणि फायदा बिनतोड. मात्र हवा थंड असेल तेव्हा ही वाफ इतकी थोडी असते की तो कॉम्प्रेसर किमान वेगालाही नीट चालत नाही, वारंवार बंद-चालू होतो. म्हणजे भांडवल गुंतते ते वर्षातल्या उष्ण तासांसाठी.

इजेक्टर त्याच्या पुढची पायरी आहे. त्यात हलणारा भाग जवळजवळ नसतो. उच्च दाबाचा वायू अरुंद नळीतून प्रचंड वेगाने सुटतो, कमी दाबाच्या वाफेला सोबत ओढतो आणि पुढे रुंद होणाऱ्या भागात वेग कमी होऊन दाब वाढतो. व्हॉल्व्हमध्ये वाया जाणारी ऊर्जा अशी काही अंशी कॉम्प्रेसरच्या कामी येते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात एल्बेल आणि हर्न्याक यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात थंडाव्यात ८ टक्के आणि कार्यक्षमता-गुणांकात ७ टक्क्यांपर्यंत वाढ मोजली गेली. द्रव उचलणारा इजेक्टर असेल तर इव्हॅपोरेटर, म्हणजे कपाटातली द्रव उकळणारी जाळी, द्रवाने भरलेला ठेवता येतो. मग तेच कपाट उणे ८ ऐवजी उणे २-३ अंशांच्या वाफेवर थंड राहते, आणि वाफेचे तापमान एक अंश चढले की वीज सर्वसाधारणपणे दोन-तीन टक्क्यांनी वाचते. जॉर्डनची राजधानी अम्मान येथील अल-सलाम या लष्करी सुपरमार्केटमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेच्या मदतीने २०१८ मध्ये सुरू झालेला संच पश्चिम आशियातला अशा प्रकारचा पहिला मानला जातो. त्यामुळे उष्ण देशांत हे तंत्र चालूच शकत नाही, हा आक्षेप मागे पडला.

यांत्रिक अतिशीतनाचे समर्थक दुसरे म्हणणे मांडतात. गॅस कूलरमधून ४० अंशांना निघालेला वायू प्रोपेनसारख्या शीतकाच्या एका लहान यंत्राने आणखी थंड करा, फ्लॅश गॅस मुळातच कमी बनेल. स्पेनमधील कास्तेयोन येथील रोद्रिगो ल्योपिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर सातत्याने काम केले आहे. यामुळे सर्वोत्तम दाबही खाली येतो, म्हणजे लाभ दोन बाजूंनी होतो. किंमत अशी की किती अंश अतिशीतन करायचे हा आणखी एक निर्णय नियंत्रकावर येऊन पडतो, आणि प्रोपेन ज्वलनशील असल्याने त्याची काळजी वेगळी घ्यावी लागते.

सर्वांत साधा उपाय पाण्याचा. गॅस कूलरकडे येणारी हवा ओल्या जाळीतून घेतली की ती थंड होते, विदर्भातल्या घरोघरच्या कूलरसारखीच. नागपूरच्या मे महिन्यातली ४३ अंशांची, २० टक्के आर्द्रतेची हवा घेतली तर हिशेबाने ती २९ अंशांच्या आसपास उतरते. मुंबईची ३४ अंशांची, ६५ टक्के आर्द्रतेची हवा जेमतेम साडेचार अंशांनी उतरून तीसच्या किंचित खाली येते. कोरड्या हवेचा लाभ कितीतरी मोठा असला तरी शेवटचा आकडा दोन्हीकडे जवळजवळ सारखाच निघतो. ऐन उन्हाळ्यात लागणारे पाणी आणि जाळीवर चढणारे क्षार यांचा खर्च मात्र वेगळा मांडावा लागतो.

अलीकडे समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या कारखान्यांत वापरला जाणारा फिरता दाब-विनिमयक या क्षेत्रात आला आहे. तो उच्च दाबाच्या प्रवाहाचा दाब थेट दुसऱ्या प्रवाहाला देतो. त्यामागचा विचार पटण्यासारखा असला तरी त्याच्या वर्षानुवर्षांच्या वापराचा अनुभव अजून गाठीशी नाही.

नियंत्रणाचा प्रश्न

आराखड्यांची तुलना करताना पुष्कळदा नियंत्रणाला दुय्यम स्थान मिळते. या वायूच्या बाबतीत ते परवडत नाही. वर आलेला सर्वोत्तम दाब स्थिर नसतो. गॅस कूलरमधून वायू किती अंशांना निघतो त्याप्रमाणे तो बदलतो. आयआयटी खरगपूरमधील जाहर सरकार, सौविक भट्टाचार्य आणि एम. राम गोपाल यांनी २००४ मध्ये त्यासाठी दिलेले सूत्र जगभर वापरले जाते. इव्हॅपोरेटर उणे १० अंशांवर असेल तर ते सूत्र ३५ अंशांना ८८ बार, ४० अंशांना १०० बार आणि ४५ अंशांना ११२ बार सांगते. लियाओ आणि सहकाऱ्यांचे २००० सालचे सूत्र ४० अंशांसाठी सुमारे १०४ बार सांगते. चार बारचा हा फरक कॉम्प्रेसरविषयीच्या वेगवेगळ्या गृहीतकांतून येतो.

मग यंत्राने कोणाचे ऐकायचे? इथे तीन पक्ष आहेत.

पहिला पक्ष सूत्रांचा. तापमान मोजा, तक्त्यातून दाब काढा, व्हॉल्व्ह हलवा. हे सोपे आहे, स्थिर आहे आणि दुकानात येणाऱ्या तंत्रज्ञाला समजते. सर्वोत्तम बिंदूच्या खाली कार्यक्षमता झपाट्याने पडते आणि वर हळूहळू, म्हणून थोडा जास्तच दाब ठेवायचा, अशी त्यांची व्यवहारी शिस्त आहे. दोष असा की जाळीवर धूळ बसली, कॉम्प्रेसर झिजला किंवा संवेदक दोन अंश चुकला तरी सूत्र तेच राहते.

दुसरा पक्ष शोधणाऱ्यांचा. नियंत्रक दाब किंचित वर-खाली करून वीज कमी लागते की जास्त हे स्वतः पाहतो आणि त्या दिशेने सरकत राहतो. याला सूत्राची गरज नसते आणि झीजही आपोआप हिशेबात येते. पण शोध हळू चालतो. दुकानाचे दरवाजे उघडतात, कपाटांवरचे बर्फ वितळवले जाते, ढग येतात. खरा फरक दाबामुळे पडला की या गोंधळामुळे, हे ओळखायला वेळ लागतो. यंत्राचे प्रतिमान मनाशी धरून पुढच्या काही मिनिटांचा अंदाज बांधणारे नियंत्रक या उणिवेवर उत्तर देतात. मात्र प्रत्येक दुकानासाठी ते प्रतिमान तयार करणे खर्चिक ठरते.

तिसरा पक्ष मधली वाट शोधतो. ट्रॉन्डहाइमचेच सिगुर्ड स्कोगेस्टाड आणि यॉर्गेन येन्सेन यांनी २००७ मध्ये विचारले की असे कोणते राशिमान आहे जे स्थिर ठेवले की यंत्र जवळजवळ सर्वोत्तम चालेल? दाब एकटा स्थिर ठेवून भागत नाही. दाब आणि गॅस कूलरमधून निघणाऱ्या वायूचे तापमान यांचा मेळ साधणारे राशिमान अधिक चांगले काम देते, असे त्यांच्या विश्लेषणातून निघाले. सूत्राचा साधेपणा आणि शोधाची लवचिकता यांच्या मधली ही जागा आहे.

यापुढची अडचण एकमेकांत गुंतलेल्या नियंत्रणांची. साध्या बूस्टरमध्ये चार गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या असतात: गॅस कूलरचा दाब, रिसीव्हरचा दाब, कॉम्प्रेसरच्या ओढीचा दाब आणि पंख्यांचा वेग. इजेक्टर उघडला की रिसीव्हरमध्ये अधिक वाफ येते, तिथला दाब चढतो, पॅरलल कॉम्प्रेसर वेग घेतो, तो आपली वाफ त्याच गॅस कूलरकडे पाठवतो आणि ज्या दाबासाठी इजेक्टर उघडला तोच पुन्हा हलतो. समायोजन घाईचे असेल तर दाब हेलकावे खात राहतात आणि कागदावरचा लाभ हेलकाव्यांत जातो. इजेक्टरच्या रचनेतही याच कारणाने दोन मते आहेत. वेगवेगळ्या मापांचे ठरीव इजेक्टर गरजेप्रमाणे उघड-बंद करायचे, की सुई आत-बाहेर करून एकाचीच वाट कमी-जास्त करायची? पहिल्यात प्रत्येक इजेक्टर आपल्या मापाला कार्यक्षम असतो पण दाब पायऱ्यांनी बदलतो. दुसऱ्यात दाब सलग बदलतो पण सुईमुळे कार्यक्षमता थोडी घटते.

बाहेरची हवा २५ ते ३० अंशांच्या दरम्यान असते तो काळ सर्वांत नाजूक. तिथे यंत्र क्रांतिक बिंदूच्या आत-बाहेर करत राहते, आणि दोन्ही बाजूंचे नियम वेगळे असल्याने अदलाबदल गुळगुळीत होणे हीच नियंत्रकाची खरी परीक्षा असते.

तुलना कशाशी करायची

प्रसिद्ध होणाऱ्या आकड्यांत मोठी तफावत दिसते, आणि बहुधा तीत कोणाची चूक नसते. एक अभ्यास ३५ अंशांच्या एका बिंदूवरचा गुणांक देतो, दुसरा अथेन्सच्या वर्षभराचा. एक जण साध्या बूस्टरशी तुलना करतो, दुसरा पॅरलल कॉम्प्रेशनशी, तिसरा आर-४०४एच्या जुन्या संचाशी. गोठवणाऱ्या आणि नुसत्या थंड कपाटांचे प्रमाण बदलले की निकाल बदलतो. युरोपात गॅस कूलरची उष्णता दुकान गरम करायला वापरतात. ती जमेला धरली तर कार्बन डायऑक्साइड पुढे जातो. मुंबईसारख्या ठिकाणी दुकान गरम करण्याचा प्रश्नच नाही, तिथे गरम पाण्याची गरज असेल तरच हा लाभ मिळतो. पंख्यांची आणि पंपांची वीज मोजली की नाही, हेही दर वेळी सांगितलेले नसते.

भारताच्या संदर्भात

भारताने मॉन्ट्रिअल कराराच्या किगाली दुरुस्तीला २०२१ मध्ये मान्यता दिली. तिच्यानुसार हायड्रोफ्लुओरोकार्बनचा वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी होत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटायचा आहे. देशातली मोठी शीतगृहे बहुतांश अमोनियावर चालतात, त्यामुळे खरा प्रश्न दुकाने, हॉटेले, औषधसाठे आणि मधल्या आकाराच्या शीतसाखळीचा आहे. नॉर्वेच्या सहकार्याने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि आयआयटी मद्रासमध्ये या वायूचे चाचणी संच उभे राहिले, आणि चाळीस अंशांच्या पुढच्या हवेत हे चक्र कसे वागते याची मोजमापे देशातच होऊ लागली.

भारतातली एक अडचण युरोपीय लेखनात क्वचित येते: वीज जाणे. यंत्र थांबले की आतला वायू खोलीच्या तापमानाला येतो आणि दाब चढत जातो. ठरीव मर्यादेपुढे सुरक्षा-व्हॉल्व्ह उघडून वायू बाहेर सोडतो, मग पुन्हा भरणा करावा लागतो. त्यावर जनित्रावर चालणारे छोटे शीतयंत्र जोडणे किंवा जास्त दाब सोसणारा रिसीव्हर वापरणे, असे उपाय आहेत; दोन्हींनी किंमत वाढते. बंदिस्त खोलीत हा वायू साठला तर जीवाला धोका असतो, म्हणून वायुसूचक यंत्रेही अपरिहार्य आहेत.

अजून न सुटलेले

आतापर्यंतच्या कामातून काही गोष्टींवर सहमती झाली आहे. थंड प्रदेशात साधा बूस्टर पुरेसा आहे. उष्ण प्रदेशात नुसता बूस्टर पुरत नाही. पॅरलल कॉम्प्रेशन, इजेक्टर, अतिशीतन किंवा पाणी यांपैकी काहीतरी जोडावेच लागते.

वाद उरतो तो या जोडण्यांच्या क्रमाचा. दुकान लहान असेल तर इजेक्टरचा खर्च वसूल होतो का? अतिशीतन आणि इजेक्टर एकत्र बसवले तर दोघांचा लाभ बेरजेने मिळतो, की पहिल्याने फ्लॅश गॅस आणि तिच्यासोबतची ऊर्जा कमी केल्यावर दुसऱ्याला करण्यासारखे थोडेच उरते? दमट किनारपट्टीवर पाण्याचा उपाय किती तास उपयोगी पडतो? स्वतः शोध घेणारा नियंत्रक पाच वर्षांनी, झिजलेल्या कॉम्प्रेसरवरही तितकाच विश्वासार्ह राहतो का? या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेतल्या एका बिंदूच्या आकड्यांतून मिळणार नाहीत.

उपलब्ध पुरावा पाहता निर्णय असा देता येतो: एकच सर्वश्रेष्ठ आराखडा अस्तित्वात नाही आणि आराखड्याची कार्यक्षमता त्याच्या नियंत्रणापासून वेगळी मोजता येत नाही. प्रत्येक नवा भाग वीज वाचवण्याची संधी देतो आणि त्याबरोबर सांभाळण्याची एक नवी गोष्टही. म्हणून भारतात हे संच बसवणाऱ्या संस्थांनी आणि दुकानदारांनी किमान एका पूर्ण वर्षाची, तासागणिक मोजमापे प्रसिद्ध करावीत: बाहेरचे तापमान आणि आर्द्रता, गॅस कूलरमधून निघणाऱ्या वायूचे तापमान, दाब, पंख्यांसह एकूण वीज आणि वापरलेले पाणी. नागपूर आणि मुंबईतल्या एकेका दुकानाची अशी नोंद हाती आली तरी २०३२ च्या पहिल्या टप्प्याआधी कोणत्या शहराला कोणता आराखडा, हे मोजमापांच्या आधारे ठरवता येईल.